सवलतीशिवाय

रविवार, १८ जानेवारी

पद्मजा मॅडमनी शेवटच्या वर्षाच्या प्रत्येकाला प्रकल्पाची रोजनिशी ठेवायला सांगितली आहे. ती मी लॅपटॉपवर ठेवते, शहाण्यासारखी. आज अमुक केलं, उद्या तमुक करणार. ही वही वेगळी. हिच्यात खरं लिहायचं आणि कुणाला दाखवायचं नाही.

तर खरं असं की आज माझा जीव भांड्यात पडला. 'हाकल' चालतो. न अडकता, न बंद पडता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालतो.

'हाकल' म्हणजे मी आणि सलिल करतोय तो मोबाईलवरचा खेळ. हापूसची बाग आहे, बागेवर माकडं येतात, खेळणाऱ्याने डबा बडवून आणि आरोळी ठोकून ती हाकलायची. दिवस मावळेपर्यंत आंबे वाचले की जिंकलात. चित्रं आणि आवाज सलिलचे, कोड माझा. आमच्या कॉलेजात गेम डिझाइनची ही पहिलीच बॅच, आणि तीन वर्षांची पदवी या एका खेळावर अडून बसली आहे. बाहेरच्या परीक्षकांनी पास केला तर ठीक, नाही तर आणखी एक वर्ष. वाडीतल्या बायका अजून आईला विचारतात, "शालनवयनी, पोरगी मोबाईलवर खेळायला शिकते म्हणे, त्याला कॉलेज कशाला लागतं?" नापास होऊन त्यांच्यासमोरून रोज बसथांब्यावर जायची माझी अजिबात तयारी नाही.

खेळून बघण्याचा पहिला मान पप्पांचा. दोन वर्षांपूर्वी पोफळीच्या पॉवरहाऊसमध्ये ड्युटीवर असतानाच त्यांना झटका आला. उजवा हात गेला तो अजून अर्धाच परत आलाय. नोकरी सोडली, कॉलनीतलं क्वार्टर सोडलं आणि आम्ही इथे हातखंब्याजवळ आमच्या वाडीतल्या घरी राहायला आलो. पप्पांसाठीच मी सगळा खेळ एका अंगठ्यात बसवलाय, तोही डाव्या. आणि त्यात माझी खास कारागिरी आहे, तिला मी 'सवलत' म्हणते. आंबे संपत आले, खेळणारा हरायला आला, की माकडं मंदावतात आणि एकेक करून निघून जातात. खेळणाऱ्याला पत्ता लागत नाही. त्याला वाटतं आपणच हाकलली.

पप्पा पडवीत बसून खेळले. जिंकले. "छान झालाय हां," म्हणाले आणि पेपर मागितला.

संध्याकाळी रामाकाका आले. पोफळीच्या क्लबात पप्पा आणि ते कॅरमचे जोडीदार, कपाटावर अजून ढाली आहेत. पप्पा आता डाव्या हाताने खेळतात. आधी रामाकाका हरले, मग मी हरले. रामाकाकांची हरायची तऱ्हा फार ढोबळ. समोरची सोंगटी सोडतात आणि कपाळावर हात मारून घेतात. मी सफाईने हरते. स्ट्रायकर किंचित तिरका मारायचा, सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी जाऊन थांबते. दोन वर्षांत पप्पांना शंकासुद्धा आलेली नाही.

जाताना रामाकाका म्हणाले, "पुढल्या वर्षी मी पण रिटायर होतोय. मग कॉलनीत एक मोठी स्पर्धा ठेवू."

"पुढल्या वर्षाचं कशाला आत्ता?" पप्पा म्हणाले. "कोण असतो, कोण नसतो."

शनिवार, २४ जानेवारी

सलिलने विचारलं, "पप्पांनी परत नाही खेळला?"

मी म्हटलं, "जिंकले ना. जिंकल्यावर परत कशाला खेळतील?"

तो चहाचा ग्लास हातात धरून माझ्याकडे बघत बसला. त्याला म्हटलं, माकडांच्या शेपट्या रंगवायच्या राहिल्यात, त्या रंगव.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

लिहू की नको, असं झालंय. लिहिते.

आज मधला आढावा होता. पुण्याहून एक परीक्षक आले होते, स्वतः खेळ बनवणारे, शांत माणूस. त्यांनी 'हाकल' हातात घेतला, दोन-चार वेळा डबा वाजवला, माकडं बघून हसले. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात चहा आला. त्यांनी मोबाईल टेबलावर ठेवला आणि मॅडमशी बोलायला लागले. हायवेचं काम कुठवर आलंय, हातखंब्याला किती वेळ अडकलो, वगैरे. मी उभीच. मोबाईल तसाच पडलेला, खेळ चालू.

थोड्या वेळाने टेबलावरून सलिलचाच आवाज आला, "शाब्बास! बाग वाचली!" मागून ढोल.

आख्खा वर्ग हसला. श्रद्धा तर बाकावर डोकं टेकून हसली. परीक्षकांनी कप खाली ठेवला आणि फार सौम्यपणे म्हणाले, "मी तर चहा पीत होतो."

त्यांनी मग सवलत शोधून काढली, मला समजावून सांगायला लावली आणि म्हणाले, हा खेळ असा पास होणार नाही. अंतिम परीक्षा ९ एप्रिलला. तोवर हरणं-जिंकणं खेळणाऱ्याच्या हातात असेल असा करून आणा.

मॅडम नंतर जिन्यात भेटल्या. "करुणा, तुझा खेळ फार सुस्वभावी आहे गं. त्याला माणसाची गरजच नाही."

मला खूप राग आला. कुणाचा ते कळलं नाही. घरी काही सांगितलं नाही. पप्पांनी विचारलं, "काय म्हणाले साहेब?" मी म्हटलं, आवडला. पप्पा म्हणाले, "अस्सं." आणि आणखी काही विचारलं नाही. त्यांना बरं वाटलं असावं.

शनिवार, ७ फेब्रुवारी

एक गोष्ट मात्र आहे. नापास म्हणाले नाहीत, परत आणा म्हणाले. सकाळी उठल्यावर पहिलं हे आठवलं आणि घावनं चार जास्त खाल्ली.

रविवार, १५ फेब्रुवारी

सवलत काढून टाकली. पप्पांच्या मोबाईलवर मात्र जुनाच खेळ राहील, हे सलिलला बजावलंय. नवीन काही झालं की तोच सगळ्यांना लिंक पाठवतो, म्हणून बजावावं लागतं. पप्पांना आणखी कशात हरवायची गरज नाही.

आज हातखंबा तिठ्यावर चहाच्या टपरीशेजारी बसलो आणि एसटीची वाट बघणाऱ्या माणसांच्या हातात मोबाईल दिले. यात एक नियम आहे, मॅडमनी तीन वर्षं घोकून घेतलेला. दुसरा खेळत असताना ज्याने खेळ बनवला त्याने तोंड उघडायचं नाही. नुसतं बघायचं. तो चुकला, अडकला, चिडला, तरी बघायचं. इतका अवघड विषय आमच्या पूर्ण अभ्यासक्रमात दुसरा नाही. पहिल्याच काकांना मी ओरडले, "डावीकडे, काका, डावीकडे!" सलिलने मला उठवून टपरीवर भजी आणायला पाठवलं.

भजी घेऊन आले तर सगळे हरलेले. माकड कुठूनही टपकतं आणि आंबा घेऊन जातं. एक टेम्पोवाला म्हणाला, "ताई, तुमचे वांदर आमच्या आरटीओसारखे. कुठं उभे असतील सांगता येत नाय." जनीमावशी टोपलीत काजूगर घेऊन बसली होती, तिने मोबाईल हातात घेतलाच नाही. "माझ्या परड्यात येतात तेवढे पुरे झाले," म्हणाली.

एकानेही परत खेळायला मागितला नाही. सवलत ठेवली तर खेळाला माणूस नको, काढली तर माणसाला खेळ नको. मधे काय असतं?

रविवार, २२ फेब्रुवारी

पप्पांचा खांदा दुखायला लागलाय. दुपारी आम्ही कॅरम खेळत होतो. आज त्यांचं लक्षच नव्हतं. राणी अशी काही सोडली माझ्यासमोर की डोळे मिटून मारली तरी गेली असती. मी नेहमीसारखी तोंडाशी ठेवली. पुढच्या डावात त्यांनी पुन्हा तशीच सोडली. मी पुन्हा ठेवली. तिसऱ्यांदा तर त्यांनी स्ट्रायकर मारल्यावर हात मागे घेतला आणि माझ्याकडेच बघत राहिले. सोंगटीकडे नाही, माझ्याकडे. मी ठेवली.

"पुरे आज," म्हणाले. "खांदा दुखतोय." आणि बोर्ड आईला कपाटामागे ठेवायला सांगितला.

मी तेल कोमट करून आणलं. खांदा चोळून दिला. कुठे दुखतंय विचारलं तर नीट सांगेनात.

आईने विषय बदलायला म्हणून म्हटलं, "मागल्या बाजूला एक माड लावूया का हो? जागा रिकामीच हाय."

"माड आज लावला तर नारळ कधी धरणार?" पप्पा म्हणाले. "कोण बघायला बसलाय?"

आई उठून आत गेली. मला वाटतं माडाला पाणी घालायचं काम तिच्यावर पडेल, म्हणून पप्पा नको म्हणाले.

रविवार, ८ मार्च

आज हसून हसून पोट दुखतंय आणि खेळाचं कोडंही सुटलंय. दोन्ही एकाच माकडामुळे.

सलिलच्या घरी हेदवीला गेले होते. जयगडहून बोटीतून पलीकडे, मग त्याच्या बाबांच्या जीपने. खऱ्या माकडांचे आवाज भरून घ्यायचे होते. सलिलच्या आईने दारातच माझं आडनाव विचारलं. सकपाळ म्हटल्यावर क्षणभर थांबल्या. मग आग्रह करकरून वाढलं. दोन्ही झालं, म्हणून दोन्ही लिहिते.

जेवण झाल्यावर मी बागेत आंब्याच्या एका कलमाखाली ताटलीत घावन आणि गूळखोबरं घेऊन बसले. डोक्यावरची फांदी किंचित खाली झुकली. मला दिसली. वाटलं, वारा असेल. पुढच्या क्षणी ताटली उलटी आणि घावन वर झाडात.

मी हरले, पण कशी हरले ते मला पक्कं ठाऊक होतं. फांदी हलली होती, मी दुर्लक्ष केलं होतं. दोष माझा. आणि गंमत म्हणजे रडू वगैरे काही आलं नाही, मला लगेच दुसरं घावन हवं झालं. सलिलच्या आईकडून मागून आणलं आणि ताटली पुढ्यात ठेवून फांद्यांकडे बघत बसले. दुसरंही गेलं. तिसऱ्याला मी वेळेवर डबा बडवला. ते माकड असं काही चिडून खेकसलं माझ्यावर! मी नाचले. सलिल म्हणाला, आवाज भरायचे राहिले, पण तुझं नाचणं भरून घेतलंय.

म्हणजे सवलत नको आणि दगाही नको. आधी फांदी हलली पाहिजे. ज्याचं लक्ष असेल त्याला दिसेल, नसेल त्याला माकड दिसेल.

परत येताना त्याने पिशवीभर कैऱ्या दिल्या. मागच्या आठवड्यातही दिल्या होत्या. त्यांच्याकडे यंदा फार धरलेल्या दिसतात.

मंगळवार, १७ मार्च

फांद्या हलायला लागल्या. हलकं माकड आलं तर थोडी, टोळीचा मोठा नर, म्हणजे हुप्प्या, आला तर जास्त. आणि खेळ आता एकाच दिवसात संपत नाही, एक दिवस पार केला की पुढचा, आधीपेक्षा अवघड. कॉलेजच्या कँटीनमध्ये श्रद्धाला खेळायला दिला. हरली. काही न बोलता पुन्हा सुरू केला. पुन्हा हरली. "थांब गं, दे इकडे," म्हणाली आणि तिचा तास बुडला. मला तिला मिठी मारावीशी वाटली, पण तोंड उघडायचं नाही हा नियम मी अंगवळणी पाडून घेतलाय.

शनिवार, २१ मार्च

आज जसं झालं तसं सगळं लिहून काढते.

कॉलेजमधून घरी आले तर आई अंगणातच भेटली. "तुझ्या बापाला काय झालंय ते बघ. दुपारचं जेवण ताटात तसंच. हाक मारली तर खेकसतात." झटका आला तेव्हाही सुरुवात अशीच झाली होती, न जेवण्यापासून.

धावत आत गेले. पप्पा पडवीत, पाठ भिंतीला, मोबाईल मांडीवर, डावा अंगठा चालतोय.

"तो हुप्प्या!" मला बघितल्याबरोबर ओरडले. "चौथ्या दिवशी येतो तो. फांदी दिसते गो मला, पण मी उजवीकडच्या पिल्लांना हाकलतंय तोवर हा मेला डावीकडून! चार दिवस झाले, चौथा दिवस पार होत नाय!"

मी मोबाईल घेतला आणि बघितलं. त्यात सवलत नव्हती. नवा खेळ होता. चार दिवस पप्पा नवा खेळ खेळत होते आणि हरत होते. चार दिवस!

मी तिथल्या तिथे सलिलला फोन लावला आणि नाही नाही ते बोलले. तो म्हणाला, "अगं, लिंक पाठवताना चुकून गेली असेल." एवढंच. माफी मागतानाही माणूस इतका शांत कसा राहतो?

मग पप्पांजवळ बसले. म्हटलं, "पप्पा, चुकून झालं. तुमच्यासाठी सोपा ठेवला होता. मी आत्ता बदलते, दोन मिनिटं."

"हात लावशील त्याला तर बघ!"

माझ्यावर असे ते दोन वर्षांत ओरडले नव्हते. आई दारात येऊन उभी राहिली.

"दोन वर्षं झाली," पप्पा म्हणाले, आता हळू. "दोन वर्षं मला कोणी हरवलं नाय. रामा कपाळावर हात मारून घेतो. तू सोंगटी तोंडाशी आणून ठेवतेस. मला काय दिसत नाय? अगो, हात गेलाय माझा, डोळे नाय गेले."

मी मोबाईल त्यांच्या हातात परत दिला.

"कोणी हरवत नाय म्हणजे कोणी माझ्याशी खेळतच नाय ना. तुझ्या त्या पहिल्या खेळात मी अंगठा उचलून ठेवला होता, ठाऊक हाय? वांदर आपले आपण निघून गेले. म्हटलं, आता हेसुद्धा." मग मोबाईलवरून बोट फिरवलं. "ह्या हुप्प्याला माझी दया येत नाय. बरं वाटतं."

मी रडले. आणि खरं सांगायचं तर रडतानाच इतकं हलकं वाटत होतं की रडणं थांबवावंसं वाटेना. दोन वर्षं मी त्यांना जपत होते, आणि ते मला जपत होते, आणि कुणालाच मजा येत नव्हती.

आईने ताट पुन्हा गरम करून आणलं. पप्पा डाव्या हाताने जेवले आणि खरकटा हात धुवायच्या आधी म्हणाले, "परत लाव तो."

रविवार, २२ मार्च

आज नियम पाळून पप्पांच्या बाजूला बसले. तोंड बंद. त्यांनी हुप्प्याला घातलेल्या शिव्या लिहिण्यासारख्या नाहीत. चौथा दिवस पार झाला नाही. मी काही बदललं नाही.

सोमवार, ३० मार्च

संध्याकाळी पडवीतून आरोळी. आई हातातलं पीठ तसंच घेऊन धावली. चौथा दिवस पार! पप्पा तिला मोबाईल दाखवतायत आणि ती चष्म्याशिवाय काही न दिसता मान हलवतेय. मग पाचव्या दिवशी तीन हुप्पे एकदम आले आणि पप्पांनी माझ्या दिशेने जी काही नजर टाकली!

गुरुवार, ९ एप्रिल

पास. पास. पास.

आता सावकाश लिहिते. तेच परीक्षक. मला बघून म्हणाले, "आज चहा नंतर घेतो." सलिलने माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. त्यांनी खेळ सुरू केला. दुसऱ्या दिवशी हरले. "अच्छा, फांदी," असं स्वतःशीच पुटपुटले. पुन्हा सुरू केला. तिसऱ्या दिवशी हरले. चहा आला. शेजारी ठेवला. मॅडम काहीतरी विचारायला लागल्या तर त्यांनी हात वर करून थांबवलं. मॅडमना! चौथ्या दिवशी हुप्प्या आला आणि त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "थांबा, परत एकदा."

मी चहाकडे बघत होते. त्याच्यावर साय धरली. असा सुंदर चहा मी आयुष्यात पाहिला नाही.

शेवटी मोबाईल खाली ठेवून त्यांनी विचारलं, "हा बदल कसा सुचला?" मी म्हटलं, "हेदवीच्या एका माकडाने आणि माझ्या वडिलांनी मिळून शिकवलं." ते हसले आणि कागदावर सही केली.

बाहेर येऊन मी आणि सलिल जिन्यात नुसते बसून राहिलो. सलिल म्हणाला, "एक सांगू? ती लिंक..." आणि मग म्हणाला, "जाऊ दे, परत कधीतरी." काय सांगायचं असेल ते आता कशाला, खेळ तर पास झाला.

घरी पप्पा रस्त्यावर येऊन उभे होते, काठी टेकून. लांबूनच अंगठा वर करून विचारलं. मी दोन्ही अंगठे वर केले. आईने वाडीतल्या प्रत्येक घरी साखर वाटली आणि प्रत्येक घरी सांगितलं की होय, त्याला कॉलेज लागतं.

शनिवार, ११ एप्रिल

जयंतीच्या स्पर्धा उद्यापासून. मंडळाचा सम्यक घरी आला. "जय भीम, काका. कॅरमला तुमचं नाव घेतो. तुम्हाला डायरेक्ट फायनलला बसवू, आणि मग सत्कार."

"सत्कार मेल्यावर करा," पप्पा म्हणाले. "नाव पहिल्या फेरीत टाक, सगळ्यांच्याबरोबर."

मी पण नाव दिलं. संध्याकाळी विहारासमोर चिठ्ठ्या काढल्या. पप्पांची पहिली फेरी माझ्याशी.

सम्यक म्हणाला, "बदलूया का?" मी पप्पांकडे बघितलं. ते म्हणाले, "निघालं ते निघालं." बोर्ड कपाटामागून बाहेर आला आहे. आई पावडर शोधतेय.

रविवार, १२ एप्रिल

विहारासमोर मांडव घातलेला, खुर्च्या कमी पडलेल्या, सगळी वाडी बोर्डाभोवती. रामाकाका पोफळीहून मुद्दाम आले होते. पप्पा डाव्या हाताने खेळले आणि चांगले खेळले. मी धरून चालले होते त्यापेक्षा फारच चांगले. एक बोर्ड त्यांनी घेतला, एक मी.

तिसऱ्या बोर्डात शेवटी माझी एक पांढरी आणि राणी उरली. त्यांच्या दोन काळ्या. राणी पॉकेटच्या तोंडाशी, पाळी माझी. सोडली असती तर पुढच्या पाळीत त्यांनी राणीही घेतली असती आणि बोर्डही.

इतकी शांतता झाली की हायवेवरचे ट्रक ऐकू आले. समोर आई उभी होती, तिने हळूच मान नकारार्थी हलवली. रामाकाका वर मांडवाच्या छताकडे बघायला लागले. माझं बोट आपोआप तिरकं व्हायला लागलं, इतकी सवय झालेली. पप्पा बोर्डाकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते, फेब्रुवारीतल्या त्या दुपारसारखे.

मी बोट सरळ केलं आणि मारली. राणी गेली.

कुणी टाळी वाजवली नाही. मागून कुणीतरी "अरेरे" म्हणालं.

"बघतेस काय?" पप्पा म्हणाले. "कव्हर घे."

पांढरी लांबच्या पॉकेटला होती. तीही गेली.

पप्पांनी बोर्डावरून डावा हात पुढे केला. मग उजवाही उचलला, तो सावकाश आला, आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला. "पोरीने हरवलं मला!" हे त्यांनी आधी सम्यकला सांगितलं, मग आईला, मग रामाकाकांना, मग ज्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं त्या सगळ्यांना एकेक करून. रामाकाकांना म्हणाले, "आणि तू. ह्यापुढे खरं खेळायचं असेल तरच माझ्या दारात ये." रामाकाकांनी कपाळावर हात मारून घेतला. या वेळेस खराच.

दुसऱ्या फेरीत मी वाडीतल्याच शमिकाकडून आडवी झाले. त्याचं काही वाटलं नाही.

बुधवार, १५ एप्रिल

काल जयंतीची मिरवणूक झाली, आज सगळी वाडी उशिरा उठली. मला जाग आली ती पडवीतल्या आवाजाने. स्ट्रायकर आणि सोंगटी, स्ट्रायकर आणि सोंगटी. पप्पा एकटेच बसून लांबच्या पॉकेटचा सराव करत होते. चहा घेऊन गेले तर वर न बघता म्हणाले, "पुढल्या वर्षी बघतो तुला."

मी म्हटलं, बघा बघा.

आई तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला. मग सूप बाजूला ठेवून ती बाहेर गेली आणि पप्पांशी काहीतरी बोलली. परत येऊन मला म्हणाली, "दुपारी रत्नागिरीला जातेस ना? येताना माडाचं एक चांगलं रोप बघून ये. पप्पा खड्ड्याची जागा दाखवतायत. पावसाच्या आधी काढून ठेवायला हवा."

एवढ्या उन्हात तिला अचानक माड कुठून आठवला कोण जाणे. सलिललाच सोबत नेते, रोप उचलायला माणूस लागेल.